ओवी की अभंग? आधी यमक कुठे पडतं ते बघा

मराठीच्या पदवी परीक्षेत एक प्रश्न फिरून फिरून येतो: ओवी आणि अभंग यांतला फरक स्पष्ट करा. त्याचं एक उत्तरही तसंच फिरून येतं. ओवी ज्ञानेश्वरांची, अभंग तुकारामांचा, दोन्ही साडेतीन चरणांचे, दोन्हींत भक्ती. पाचपैकी दोन गुण. त्यात धडधडीत चूक अशी काही नसते. पण हे लिहिणाऱ्यापुढे कवीचं नाव झाकून चार ओळी ठेवल्या, तर त्याला त्या ओळखता येत नाहीत.

काही मुलं आणखी पुढे जातात आणि ओवीखाली लघु-गुरूच्या (ऱ्हस्व आणि दीर्घ उच्चारांच्या अक्षरांच्या) खुणा करत बसतात. ती मेहनत वाया जाते. कवी माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ या आपल्या ग्रंथात पद्याची छंद, वृत्त आणि जाती अशी विभागणी केली, ती इथे उपयोगी पडते. वृत्तात लघु-गुरूचा क्रम ठरलेला, जातीत मात्रा मोजायच्या (लघूची एक, गुरूच्या दोन) आणि छंदात फक्त अक्षरं. ओवी आणि अभंग दोन्ही छंद आहेत. तेव्हा लघु-गुरूचे गण-बिण विसरा आणि बोटं वापरा.

मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. ‘ध्यान’ म्हणजे ध्या-न, दोन. खरी फसगत होते ती शेवटच्या ‘अ’ची. बोलताना आपण ‘सुंदर’चा र अर्धाच सोडतो, त्यामुळे कानाने मोजणारा दोन म्हणतो. छंदात तो पूर्ण उच्चारतात: सुं-द-र, तीन. वारकऱ्यांच्या भजनात कान दिलात तर तो ‘र’ स्पष्ट ऐकू येतो.

आता ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या पसायदानातली ही ओवी घ्या:

आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें ।
तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥

आठ, आठ, सात, सहा. पुढचीच ओवी, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’, मोजा: नऊ, नऊ, आठ, पाच. म्हणजे ओवीत अक्षरांचा आकडा पक्का नसतोच. पक्कं असतं ते एवढंच: पहिल्या तीन चरणांना यमक (देवें, तोषावें, द्यावें), आणि चौथा आखूड, यमकाशिवाय सोडून दिलेला. तीन पायऱ्या चढून चौथीला पाय अलगद खाली टेकावा तसा. त्या मोकळ्या टोकाचा फायदा असा की अर्थ पुढे वाहू शकतो. ‘पसायदान हें’ म्हणजे कोणतं? तर पुढची ओवी ‘जे’ने सुरू होते आणि सांगू लागते. नऊ हजारांवर ओव्यांची ज्ञानेश्वरी अशा टोकांमुळेच अडखळत नाही.

अभंगाचं गणित वेगळं:

सुंदर ते ध्यान उभे विटेवरी ।
कर कटावरी ठेवोनिया ॥

सहा, सहा, सहा, चार. एकूण बावीस. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला: विटेवरी, कटावरी. पहिला मोकळा, चौथा मोकळा, मधले दोन एकमेकांत अडकवलेले. याच अभंगाचा शेवट ‘तुका म्हणे माझे हेंचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीने’ मोजून बघा, तोही बावीसच. हा झाला मोठा अभंग. छोट्या अभंगात दोनच चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे, शेवटी यमक: जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले. लहान अभंगाबद्दल एवढं पुरे.

मग ‘दोन्ही साडेतीन चरणांचे’ हा घोळ आला कुठून? तो मुलांनी केलेला नाही. नामदेवांच्या गाथ्यात अभंगाची घडण सांगणारा अभंग आहे, त्यातच साडेतीन चरण म्हटलं आहे. पण तिथला अर्धा चरण म्हणजे शेवटची चार अक्षरं. त्याच अभंगात हिशोबही दिलेला आहे: ‘पहिल्यापासोनी तिसऱ्यापर्यंत । अठरा गणित मोज आलें’. आणि गंमत म्हणजे ही ओळ स्वतः सहा-सहा-सहा-चार आहे, ‘पर्यंत’ला ‘गणित’ जुळवून. नियम सांगता सांगता पाळून दाखवला आहे. ओवीतही चौथा चरण आखूड, म्हणून तिलाही साडेतीन म्हणतात. शब्द एक आणि मापं दोन. उत्तरात नुसतं ‘साडेतीन’ लिहिलंत तर तुम्ही फरक नव्हे, साम्य लिहिलंत.

दुसरा घोळ याहून मोठा आहे आणि वर्गात तो क्वचितच कोणी बोलून दाखवतं. ‘एक ओवी’ म्हणजे चार चरण, संपलं. ‘एक अभंग’ म्हणजे मात्र अख्खी कविता. तिच्यात चार-चार चरणांचे अनेक चौक, गाथ्यात बहुधा एका ओळीपुढे ‘ध्रु.’ (ध्रुपद) छापलेलं आणि शेवटी ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा, म्हणजे कवीच्या नावाची खूण. म्हणजे ओवी हे मापाचं नाव, तर अभंग हे मापाचंही नाव आणि कवितेचंही. तुलना करताना अभंगाचा एक चौक ओवीशेजारी ठेवायला हवा. नाहीतर वीट आणि घर यांतला फरक लिहिल्यासारखं होतं.

भक्तीवरून ओळखू नका, तेही नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्यांचं. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कि रत्नांमाजि हिरा निळा । तैसी भासांमाजि चोखळा । भासा मराठी’. तीन यमकं, चौथा आखूड. तिथे विठ्ठल नाही, पण ओवी बिनतोड आहे.

विषयावरूनही फसायला होतं. जनाबाईंचं ‘दळितां कांडितां । तुज गाईन अनंता’ वाचलं की जातं दिसतं आणि हात आपोआप ‘ओवी’ लिहितो. पण दोन चरण, शेवटी यमक आणि अखेरीस जनीची मुद्रा: हा छोटा अभंग. पहिला चरण सहा अक्षरांचा निघतो. छोट्या अभंगात तेवढी ढिलाई चालते.

उलट जात्यावरची ओवी पोथीतल्या ओवीपेक्षा जुनी. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (शके 1051, म्हणजे इ.स. 1129) महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. बायकांची ही ओवी तीन यमकांचा नियम फारसा जुमानत नाही. गळा आणि जात्याचा फेरा जुळला की झालं. अभंगही ओवीतूनच निघाला असं मानतात, तेव्हा सीमेवर गोंधळ होणारच.

त्या सीमेवर बहिणाबाई चौधरी उभ्या आहेत. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’: आठ, आठ. पुढचे दोन चरणही आठ-आठ. आखूड शेपूट नाही, म्हणून ग्रंथातली ओवी नव्हे. मुद्रा नाही, म्हणून अभंग म्हणायलाही जीभ कचरते. मापाने ती छोट्या अभंगाच्या शेजारची, घराण्याने जात्यावरच्या ओवीची. ओवी लिहा किंवा अष्टाक्षरी लिहा, अक्षरं मोजून दाखवली असतील तर मी गुण कापत नाही. ‘बहिणाबाईंच्या ओव्या फार प्रसिद्ध आहेत’ एवढंच असेल तर पुन्हा पाचपैकी दोन.