बाहेर दीडशे, आत ऐंशी: तव्यावरचा अननस

अननसाच्या शंभर ग्रॅम गरात साधारण ८६ ग्रॅम पाणी असतं आणि दहा ग्रॅमच्या आसपास साखर. घरी अननस भाजताना जे बिघडतं ते बहुतेक या पाण्यामुळेच. चकती वरून ओली आहे तोवर तिचा पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापत नाही, आणि खमंग तपकिरी रंग यायला तर दीडशेच्या वर जावं लागतं. एक ग्रॅम पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ आठपट त्याची वाफ करायला लागते. ओली चकती तव्यावर पडली की गॅस आधी वाफच काढत बसतो. तेवढ्यात ती आतून शिजून लिबलिबीत होते आणि रंग चढेपर्यंत उलथण्यावर तुटते.

आतल्या भागाचं गणित वेगळं आहे. कच्चा अननस खाताना जीभ चुरचुरते, त्याला मुख्यतः दोन कारणं: ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक. स्फटिकांना तव्याची धग काही करत नाही. ब्रोमेलेन मात्र ऐंशी अंशांच्या आसपास काही मिनिटांत बहुतेक निकामी होतं. म्हणजे एकाच चकतीत बाहेर दीडशे आणि आत ऐंशी साधायचे, आणि पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

मुंबईत वाशीच्या एपीएमसीतून किंवा दादरच्या मंडईतून येणाऱ्या अननसांत केरळच्या वाळकुळमचा, मॉरिशस जातीचा माल असतो. त्याला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ लहान, गर घट्ट आणि सोनेरी. भाजायला हाच घ्यावा. क्यू जातीचं मोठं फळ रसाळ असतं, पण तोच रस तव्यावर आडवा येतो. अननसात स्टार्चचा साठा नसतो, त्यामुळे तोडल्यावर तो आणखी गोड होत नाही. घरी ठेवून साल पिवळी होईल, साखर वाढणार नाही. बुडाशी वास घ्या, फळ आकाराच्या मानाने जड आहे का बघा. वरचं पान ओढून बघायची युक्ती फारशी भरवशाची नाही. दारूसारखा वास आला तर ते फळ आंबायला लागलेलं आहे.

फळवाल्याने कापून, मीठ भुरभुरून पिशवीत भरलेल्या फोडी खायला झकास, पण भाजायला निरुपयोगी. मिठाने रस बाहेर ओढलेला असतो. पूर्ण फळ घ्या, हवं तर नुसतं सोलून घ्या. अननसाचे डोळे तिरक्या ओळींत असतात, बहुधा एका दिशेने ८ आणि दुसऱ्या दिशेने १३. त्या ओळींवरून सुरी तिरकी चालवून चर काढले की डोळे जातात आणि गर कमी वाया जातो. चरांमुळे उभ्या राहिलेल्या कडा तव्यावर आधी भाजतात, हा वरचा फायदा.

चकत्या दीड सेंटीमीटर जाडीच्या कापा. एक सेंटीमीटरपेक्षा पातळ असतील तर रंग येण्याआधीच त्या मऊ पडतात. अडीचच्या असतील तर बाहेर करपतं आणि आत कच्चं राहतं. दीड किलोच्या फळातून सात-आठ चकत्या निघतात. बुडाकडच्या जास्त गोड असतात, कारण फळ खालून वर पिकत जातं. त्या लवकर काळ्या होतात, त्यांच्यावर नजर ठेवा.

आता कोरडं करणं. सुती फडक्यावर चकत्या पसरा, वरून दुसऱ्या फडक्याने टिपा, मग पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. फ्रिजमध्ये वाळवायचा मोह होतो, पण मुंबईच्या दमट हवेत गार चकती बाहेर काढली की तिच्यावर पाणी सुटतं आणि केलेली मेहनत वाया जाते. पावसाळ्यात तर पंख्यावरही विसंबू नका, फडकं दोनदा बदला.

तवा बिडाचा, जाड. नॉनस्टिक नको: रिकामा तापवला तर तो २६० अंशांच्या वर सहज जातो आणि लेप खराब होऊ लागतो. उंचवटे असलेल्या ग्रिल पॅनवर काळे पट्टे उमटतात खरे, पण धातू टेकतो तिथेच भाजतं आणि मधल्या खाचांमध्ये वाफ फिरते. फोटोसाठी पट्टे घ्यावेत, चवीसाठी सपाट तवा. बर्नरवर जाळी ठेवून थेट आचेवर भाजलं तर रस गळून बर्नरची भोकं बुजतात. कोळशाची सिगडी काचा लावलेल्या गॅलरीत कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मध्यम आचेवर तवा चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाका. तो चुर्र करून पसरला तर तवा अजून कमी तापलाय. गोळी होऊन घरंगळत फिरला की दोनशेच्या आसपास पोचला. तेल किंवा साजूक तूप तव्यावर न ओतता चकतीला पुसटसं चोळा. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश आधीच जळतो. एका वेळी तीनच चकत्या, मध्ये बोटभर जागा, नाहीतर एकीची वाफ दुसरीला भिजवते. मग साडेतीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. सुरुवातीला चकती तव्याला धरून बसते. खालचा थर सुकून तपकिरी झाला की आपोआप सुटते. ओढून काढली तर रंग तव्याला आणि गर उलथण्याला. दुसरी बाजू अडीच-तीन मिनिटं. कच्च्या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असल्याने तो अपारदर्शक दिसतो. पेशी फुटून हवा निघून गेली की गर काचेसारखा होतो. हा बदल मध्यापर्यंत पोचला की आतलं काम झालं.

वरून साखर-गूळ लागत नाही. फळातलं आम्ल तापल्यावर सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करतं, आणि फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग धरू लागतं. वासही बदलतो. ताज्या अननसाचा फळाळ वास एस्टर नावाच्या संयुगांचा, आणि ती वाफेबरोबर उडून जातात. मागे राहतं त्यात फ्युरॅनिऑल असतं, कॅरमेलच्या वासाचं संयुग, जे १९६५ साली अननसातूनच वेगळं काढलं गेलं. काळं मीठ, चाट मसाला, लाल तिखट हे सगळं चकती उतरवल्यावर. आधी मीठ लावलं तर पाणी सुटतं, आणि तापलेल्या तव्यावर तिखट पडलं तर घरभर ठसका.

दोन घाण्यांच्या मध्ये ओलं फडकं चिमट्यात धरून तवा पुसा. चिकटलेली साखर दुसऱ्या घाण्यात जळून कडू होते. शेवटी लगेच धुऊन, आचेवर सुकवून तेलाचा हात द्या. अननसाचं आम्ल बिडावरचा तेलाचा थर सोलतं.

कच्चा अननस घातलेलं रायतं काही तासांत कडवट होतं, कारण ब्रोमेलेन दह्यातल्या केसिन या प्रथिनाचे कडू तुकडे पाडतं. भाजलेल्याने तसं होत नाही, अर्थात मध्यापर्यंत भाजला असेल तर. शंका असेल तर चकतीच्या मधला तुकडा जिलेटिनमध्ये घालून बघा: जिलेटिन घट्ट झालं नाही तर पुढच्या वेळी आच थोडी कमी, वेळ जास्त. चायना ग्रासवर ही परीक्षा चालत नाही. ते प्रथिन नाही, कच्च्या अननसातही घट्ट होतं.

मधला कडक दांडा भाजूनही चिवटच राहतो, तो आधीच काढा आणि कच्चा वाटून ठेवा. अर्धा किलो मटण मऊ करायला एक चमचा, अर्धा तास पुरे. रात्रभर ठेवलं तर मटण बाहेरून पिठूळ होतं.