शहरामागचा डोंगर मोठा कसा झाला

मडगावच्या इमारतींच्या डोक्यावर चंद्रनाथ पर्वत अजस्र उभा ठाकला आहे, असा फोटो मोबाइलवर आला की घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "हा बनवलेला फोटो. आपला पर्वत एवढा कुठे आहे?" शंका वाजवी आहे. पारोड्याचा हा डोंगर उंचीने सुमारे ३५० मीटर. गोव्याच्या पूर्वेकडे सह्याद्रीत हजार मीटरच्या वरची शिखरे आहेत, त्यांच्यापुढे ही टेकडीच. पण आजूबाजूच्या सखल मुलखातून तो एकटाच वर आलेला आहे आणि माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे, म्हणून लोकांच्या तोंडी तो नुसता 'पर्वत'.

थोडे गणित करू. मडगावपासून सरळ रेषेत तो दहाएक किलोमीटरवर आहे. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत आपल्या डोळ्याला तो साधारण दोन अंश भरतो. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश भरतो, तेव्हा एकावर एक ठेवलेले चार चंद्र समजा. आता जपानचा फुजी घ्या. उंची ३,७७६ मीटर, पण टोकियोपासून सुमारे १०० किलोमीटर दूर. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा खालचा भाग क्षितिजाआड जातो, तो वजा केला की टोकियोतून फुजी दोन अंशांहून थोडा कमीच भरतो. टोकियोच्या गगनचुंबी इमारतींना वाकुल्या दाखवणारा जगप्रसिद्ध फुजी आणि मडगावातून दिसणारा आपला चंद्रनाथ, दोघेही डोळ्याला जवळपास सारखेच! फोटोतला डोंगर मोठा होतो तो निव्वळ त्याच्या उंचीमुळे नव्हे.

शहराच्या खरोखर उरावर बसलेले डोंगर जगात मोजकेच. त्यातला केपटाउनचा टेबल माउंटन गोव्याच्या इतिहासाला चाटून गेला आहे. लिस्बनहून पूर्वेकडे येणारी जहाजे आफ्रिकेचे टोक वळसून येत. १५०३ मध्ये आंतोनियो दे साल्दान्हा हा पोर्तुगीज कप्तान तो सपाट माथ्याचा डोंगर चढला आणि त्याला मेजाचे नाव देऊन गेला. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा मायदेशी परतताना याच डोंगराखाली स्थानिक खोईखोई लोकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. तारीख १ मार्च १५१०. त्याच वर्षी आल्बुकेर्कने गोवा घेतला. १,०८६ मीटर उंचीचा हा डोंगर बंदरावरून दहा-बारा अंश भरतो. तिथे फोटोग्राफरला काही करामत करावी लागत नाही, कॅमेरा वर केला की पुरे.

गंमत अशी की या डोंगराची नेटकी चित्रे ज्यांनी काढली त्यांत फोटोग्राफीच्या जन्मदात्यांपैकीच एक होता. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ या काळात केपटाउनजवळ राहून दक्षिणेचे आकाश तपासत होता. फावल्या वेळात तो कॅमेरा ल्युसिडा नावाचे साधन घेऊन निसर्गचित्रे रेखाटी. या साधनात लोलकातून समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे दिसते, हाताने फक्त रेघ गिरवायची. हर्शेल इंग्लंडला परतला आणि पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली. चित्र कायमचे टिकवण्यासाठी लागणारा 'हायपो' हे हर्शेलचे देणे. त्या रसायनात चांदीचे क्षार विरघळतात हे त्याने १८१९ मध्येच दाखवले होते.

पश्चिम भारतात हे वेड लवकर पोचले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात वावरणाऱ्या एतद्देशीयांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. कुटुंब मूळचे पेडण्यातल्या मांद्र्याचे. नारायण दाजींनी तर फोटोग्राफर म्हणून नाव कमावले. गोव्याने मुंबईला गायक दिले, डॉक्टर दिले हे आपण नेहमी सांगतो. या यादीत फोटोग्राफर मात्र राहून जातो.

पण त्या काळच्या कॅमेऱ्याला डोंगर नीट दिसतच नसे, हे आज पटत नाही. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कोलोडियनच्या काचेला, म्हणजे रसायनाचा ओला लेप दिलेल्या फोटोच्या प्लेटला, फक्त निळा आणि जांभळा प्रकाश कळे. दूरचा डोंगर आपल्याला निळसर दिसतो, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. आभाळही निळे. परिणाम असा की प्लेटवर आभाळ पांढरेफटक पडे आणि दूरचा डोंगर त्यात विरघळून जाई. जवळची घरे, झाडे, रस्ता खणखणीत आणि मागे कोरा कागद! फ्रान्सच्या ग्युस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्र एका काचेवर घ्यायचा, ढग दुसऱ्या काचेवर आणि छापताना दोन्ही जोडायचे. म्हणजे 'बनवलेला फोटो' ही तक्रार मोबाइलच्या पिढीची नाही, ती जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे.

यात हाल किती होते ते सॅम्युअल बोर्नच्या कहाणीतून कळते. हा इंग्रज १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि सिमल्याहून हिमालयात तीन मोठ्या मोहिमा काढल्या. ओली प्लेट वाळायच्या आत लेपन, फोटो आणि धुलाई सगळे उरकावे लागे, म्हणून काळोखा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या असा सारा संसार हमालांच्या पाठीवर असे. १८६६ मध्ये त्याने मणिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर फोटो घेतले आणि पुढची कित्येक वर्षे त्याहून उंचावर कुणी कॅमेरा नेला नाही. आपल्याकडच्या उन्हात ती प्लेट आणखी लवकर वाळत असणार.

नेपल्सच्या जॉर्जो सोमरला निळ्या आभाळाचा त्रास वेगळ्याच रीतीने टळला. २६ एप्रिल १८७२ रोजी शहरामागचा व्हेसुव्हियस उसळला, तेव्हा त्याने अर्ध्याअर्ध्या तासाने धुराच्या लोटाचे फोटो घेतले. १,२८१ मीटरचा हा डोंगर त्या दिवशी कित्येक पट उंच झाला होता.

खरा पालट दोन शोधांनी झाला. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला दिसले की प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरवा प्रकाशही कळतो. त्यातून वाढत वाढत १९०६ मध्ये सर्व रंग ओळखणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या. आता लेन्सवर पिवळी किंवा लाल काच चढवून निळा प्रकाश अडवता येऊ लागला. आभाळ काळवंडले आणि डोंगर त्यातून सुटा झाला. दुसरा शोध टेलिफोटो लेन्सचा. १८९१ मध्ये इंग्लंडचा थॉमस डॉलमेयर, जर्मनीचे अडोल्फ मीटे आणि श्टाइनहाइल अशा तिघांनी आपापल्या जागी जवळपास एकाच वेळी ती काढली. त्याच सुमारास कलकत्त्याच्या जॉन्स्टन अँड हॉफमन या स्टुडिओने दार्जिलिंगला शाखा उघडली. तिथून कांचनजुंगा चौऱ्याहत्तरेक किलोमीटरवर. ८,५८६ मीटर उंची असूनही डोळ्याला पाच अंशांच्या आतच. साध्या लेन्सने घेतलेल्या फोटोत ते शिखर चौकटीच्या वरच्या कडेला पांढरी किनार होऊन राहते. दार्जिलिंगच्या घरांवर झुकलेला कांचनजुंगा पाहायचा तर लांब लेन्स हवी, आणि ती आता आली होती.

इथे एक गैरसमज खोडून काढला पाहिजे, कारण तो फोटोग्राफरांतही पक्का बसलेला आहे. टेलिफोटो लेन्स डोंगर मोठा करून पुढे ओढते असे म्हणतात. ते खरे नाही. डोंगर आणि घर यांचे परस्परांशी प्रमाण ठरते ते आपण कुठे उभे आहोत त्यावर. लेन्स फक्त त्या दृश्याचा एक तुकडा कापून देते. टोकियोचे उदाहरण घ्या. शिंजुकूतली महानगर सरकारची इमारत २४३ मीटर उंच आहे. तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर उभे राहिलात तर ती पंचवीस अंश भरते, फुजी तिच्यासमोर किस झाड की पत्ती. पण बुंक्यो भागातल्या सरकारी इमारतीच्या सज्जावर, जमिनीपासून १०५ मीटर वर, जाऊन उभे राहा. शिंजुकू तिथून सहाएक किलोमीटर. आता तीच इमारत तुमच्या नजरेच्या पातळीच्या वर दीड अंशही भरत नाही, आणि फुजी मात्र होता तेवढाच, कारण १०० किलोमीटरवरच्या डोंगराला सहा किलोमीटरने काय फरक पडणार? शहर बुटके झाले, म्हणून डोंगर उंच झाला.

चंद्रनाथाच्या फोटोतही हेच. मडगावच्या गल्लीतून तो दिसणारही नाही. शहर ओलांडून कोलवा-बाणावलीच्या बाजूला मागे जावे, मोकळे शेत किंवा उंच गच्ची शोधावी. हे करणाऱ्याने काही बनवलेले नसते, तो फक्त चालत मागे गेलेला असतो.

उरली हवा. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत जालंधरच्या गच्च्यांवरून शंभर किलोमीटरहून लांबची धौलाधारची बर्फाळ रांग दिसू लागली आणि ते फोटो देशभर फिरले. आपल्याकडे ते काम पाऊस करतो. सरींनी हवा धुऊन निघते आणि जाता पावसाळा डोंगरांच्या फोटोंसाठी उत्तम. मार्च-एप्रिलच्या धुकट हवेत दहा किलोमीटरवरचा चंद्रनाथही पुसट होतो. चंद्रासह तो टिपायची हौस असेल तर पंचाईत आहे. पर्वत मडगावच्या आग्नेयेला, आणि पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे सरकून उगवतो तो ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे ऐन ढगांत. डोंगरावरच्या शिवलिंगाला चंद्रकिरण लागले की पाझर फुटतो अशी श्रद्धा आहे, पण कॅमेरेवाल्याला त्याऐवजी डिसेंबरचा सूर्य सोयीचा. तो तेव्हा दक्षिणेकडे झुकून उगवतो आणि आभाळही निरभ्र असते.

उभे राहण्याच्या जागेला किती मोल आले आहे, हे फुजीच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको गावात २०२४ मध्ये दिसले. तिथल्या लॉसन दुकानाच्या छपरावर फुजी बसल्यासारखा दिसतो. दुकानाच्या दारात उभे राहिले तर डोंगर छपराआड जातो. रस्ता ओलांडून पलीकडे गेले की नेमका वर येतो. म्हणून पर्यटक पलीकडच्या पदपथावर गर्दी करत, फोटोसाठी भर रस्त्यात उतरत. मे महिन्यात नगरपालिकेने त्या पदपथाकडेला अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळे जाळीदार कापड ताणले. थोड्याच दिवसांत त्याला कॅमेरा घुसेल एवढी भोके पडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या भीतीने ते उतरवले.