संत ब्रिजिड दिन

संत ब्रिजिड दिन : आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला साजरा होणारा सण. आयरिश परंपरेनुसार वसंत ऋतूचा आरंभ याच दिवशी होतो. जुन्या आयरिश कालगणनेत वर्षाचे चार भाग पाडणारे चार सण होते आणि त्यांपैकी फेब्रुवारीतील सणाला इम्बॉल्क म्हणत. या नावाचा अर्थ ‘पोटात’ असा बहुधा लावला जातो, तर इ. स. ९०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या कॉर्मॅकच्या शब्दकोशात त्याचा संबंध मेंढीच्या दुधाशी जोडलेला आहे. दोन्ही व्युत्पत्ती गाभण मेंढ्यांना दूध उतरण्याच्या दिवसांकडेच बोट दाखवतात.

ब्रिजिड ही पॅट्रिक आणि कोलमकिल यांच्या बरोबरीने आयर्लंडच्या तीन आश्रयदात्या संतांपैकी एक असून परंपरेनुसार तिचे निधन इ. स. ५२५ च्या सुमारास झाले. तिने स्थापिलेला मठ किल्डेअर येथे होता. या गावाच्या आयरिश नावाचा अर्थ ‘ओक वृक्षाचे चर्च’ असा आहे. सातव्या शतकात कोगिटोसस याने लिहिलेले तिचे चरित्र मुख्यतः चमत्कारांनी भरलेले आहे. कॉर्मॅकच्या शब्दकोशात ब्रिगिट नावाची, कवींना पूज्य असलेली देवी आढळते; तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणींकडे वैद्यक आणि लोहारकाम होते. या देवीचेच पुढे संतात रूपांतर झाले असे आज सर्रास सांगितले जाते. तथापि देवीचा हा उल्लेख संताच्या चरित्रानंतर दोनएकशे वर्षांनी, तोही ख्रिस्ती लेखकाच्या हातून आलेला असल्यामुळे ते मत सिद्ध झालेले मानता येत नाही. बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डने किल्डेअरच्या अखंड अग्नीचे वर्णन केले आहे : एकोणीस जोगिणी एकेक रात्र तो राखीत आणि विसाव्या रात्री सरपण रचून तो खुद्द ब्रिजिडवर सोपवीत, भोवतीचे कुंपण पुरुषाने ओलांडायचे नसे.

सणाचे खरे स्थान मात्र घरात होते. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी घरातील मुलगी लव्हाळ्याची पेंढी घेऊन बाहेर उभी राही आणि ‘गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत येऊ द्या’ असे म्हणे. आतून ‘तिचे स्वागत असो’ असे उत्तर आले की दार उघडे. ही लव्हाळी विळ्याने न कापता हाताने उपटलेली असावी, असा दंडक होता. जेवणात लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा असे. त्यानंतर सारे घर क्रूस विणायला बसे. एक काडी उभी धरून दुसरी तिच्यावर दुमडायची, क्रूस पाव फेरा वळवून पुढची दुमडायची, असे करीत मध्यभागी चौकोनी वीण तयार होते आणि शेवटी चारही बाहूंची टोके बांधून टाकतात. आगीपासून रक्षण व्हावे म्हणून हा क्रूस दारावर किंवा छपराच्या वाशांत खोचून ठेवीत. त्याच रात्री उंबऱ्याबाहेर किंवा खिडकीत एक फडके ठेवण्याची रीत होती; ब्रिजिडचा स्पर्श झालेले हे फडके डोकेदुखीवर, तसेच अडलेल्या गाईच्या वेतावेळी उपयोगी पडते, अशी समजूत आहे. केरी परगण्यात गवताचे उंच निमुळते मुखवटे घातलेल्या टोळ्या ब्रिजिडची बाहुली घेऊन वाद्ये वाजवीत घरोघर फिरतात.

किल्डेअरचा अग्नी १९९३ मध्ये पुन्हा चेतवण्यात आला. २०२३ पासून आयर्लंडमध्ये या सणाची सार्वजनिक सुट्टी असते. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी येते, पण १ तारखेला शुक्रवार असेल, तर त्याच दिवशी दिली जाते.