साहेब झालं की कमी ऐकू येतं

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीतला एक मुलगा वसईच्या एका कारखान्यात सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन, चालवतो. चालवायचा, म्हणायला हवं. दिवाळीनंतर तो शिफ्टचा सुपरवायझर झाला. पगार थोडा वाढला, दिवसभर मशीनसमोर उभं राहणं सुटलं, आणि महिन्याभरात तोंड इतकं उतरलं की त्याची आई मलाच विचारायला आली.

त्याची तक्रार दोन वाक्यांची होती. "मी एवढं नीट सांगतो, तरी पोरांना कळत नाही. आणि मला कोणी काही सांगतच नाही."

पहिलं वाक्य घेऊ. धातू कापणारी टीप झिजायला लागली की लेथचा आवाज बदलतो. या मुलाला तो बदल दोन मशीन पलीकडे उभा असतानाही कळतो. नव्या ऑपरेटरला त्याने सांगितलं, "आवाज बदलला की टीप बदल." पोराने मान डोलावली. दुपारपर्यंत ट्रेभर जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, रिजेक्ट. त्या पोराच्या कानांना अख्खा कारखाना म्हणजे एकच घरघर होती, त्यात बदललेला आवाज तो कुठून शोधणार?

१९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने एक साधा खेळ मांडला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, पेटी, तबला सगळं चालू असतं. समोर पोचते ती नुसती टकटक. गणपतीतली रोजची आरती टेबलावर ठोकून घरच्यांना विचारून बघा. (भांडण झालं तर माझं नाव सांगू नका.)

याला 'ज्ञानाचा शाप' म्हणतात. नाव जरा नाटकी आहे, कारण मात्र साधं. हात बसला की कामातल्या पायऱ्या जाणिवेतून निघून जातात, आणि मग त्या दुसऱ्याला सांगताच येत नाहीत. बढती तर बहुतेक ठिकाणी हात बसलेल्यालाच मिळते. अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रीत पुढे असलेल्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण साहेब म्हणून तेच तुलनेने कमी पडत होते. यात मी त्या माणसांना दोष देणार नाही. नवी मशीन आली की आपण ऑपरेटरला ट्रेनिंग देतो. हाताखाली बारा माणसं दिली की पेढे वाटायला लावतो.

दुसरं वाक्य जास्त बोचरं. कालपर्यंत टपरीवर जो 'ए बारक्या' होता, तो आता आला की गप्पा थांबतात. ज्या काकांनी त्याला मायक्रोमीटर धरायला शिकवलं, तेही आता 'हो साहेब' म्हणून मोकळे होतात. रिजेक्शनचा आकडा मात्र एकदम खाली आला होता, आणि त्याचा त्याला आनंदही झाला होता.

तिथेच मला अमेरिकन संशोधिका एमी एडमंडसन आठवल्या. रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुकांवरचा त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या टीमकडून कमी चुका होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले: जिथे टीम चांगली, तिथे चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा होऊ लागला. तिथे चुका जास्त होत नसाव्यात, त्या सांगितल्या जास्त जात असाव्यात. बाकीच्या वॉर्डांत त्या लपत होत्या. या मोकळेपणाला त्या 'मानसिक सुरक्षितता' म्हणतात. हे ऐकल्यावर आमच्या मुलाने भंगाराची पेटी उपसली. रिजेक्ट जॉब तळाशी दाबलेले होते.

मग ओरडायचं की नाही? १९९६ मध्येच क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी कामाबद्दल शेरे देण्यावरचे जुने प्रयोग एकत्र तपासले. शेऱ्यांनी सरासरी फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा काम उलट बिघडलं होतं. शेरा कामावरून घसरून माणसावर गेला की तो निकामी होत जातो, असं त्यांचं स्पष्टीकरण. 'बोअर (आतलं भोक) तीन शतांश मिलिमीटर मोठा आलाय' म्हटलं की पोरगं ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, बघतं. 'तुझं लक्षच नसतं' म्हटलं की ते तोंड लपवतं.

याच पश्चिम रेल्वेवर वसईच्या पुढे बोईसरला उतरलं की तारापूर. तिथल्या आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत २००८ च्या सुमारास अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. काही कारखान्यांना पाच महिने व्यवस्थापनाचे सल्लागार दिले. त्यांनी शिकवलेलं अगदी कंटाळवाणं होतं: दोष रोज लिहा, मशीन का थांबली ते लिहा, त्यावर रोज एकत्र बसा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की, लिहिणं रोजचंच झालं की चूक कबूल करायला वेगळं धाडस लागत नाही.

आमच्या मुलाने भाषण सोडलं. झिजलेली टीप आणि नवी टीप आलटून पालटून लावली, नव्या ऑपरेटरला मशीनकडे पाठ करून उभं केलं आणि काकांना शेजारी. "आता कुठली?" पहिल्या दिवशी पोराचे निम्मे अंदाज चुकले. काकांनी सांगितलं, वरचा आवाज सोड, खालची कुरकुर ऐक. हे शब्द सुपरवायझरला महिनाभर सुचले नव्हते.

चौथ्या दिवशी शिफ्ट जोरात असताना पोराने कापणं थांबवणारं फीड होल्डचं बटण दाबलं आणि हात वर केला. सगळे बघायला लागले. सुपरवायझरने दार उघडून टीप भिंगाखाली धरली. टीप शाबूत होती.

"बरं केलंस थांबवलंस," तो म्हणाला आणि टीप परत लावली. "काय ऐकू आलं, सांग."