युरियाच्या पोत्यातला कतारचा गॅस

टीव्हीवर होर्मुझचं, म्हणजे आखातातलं तेल-गॅस बाहेर येतं त्या चिंचोळ्या समुद्रवाटेचं, नाव आलं की आमच्याकडं पहिला प्रश्न पेट्रोलचा. परवा पलूसला खताच्या दुकानात रांगेत उभा होतो, तिथं पण तीच चर्चा, आणि सगळे आलेले युरियाला! म्हटलं काका, हे पोतं पण गॅसचंच आहे की. तर म्हणाले, ह्यॅ, ते खाणीत सापडतंय.

खाणीतून येतं ते पोटॅश ओ. युरियातला नायट्रोजन हवेतला, आणि हवेत तो 78 टक्के आहे, फुकट. पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं असे चिकटलेत की उसाच्या मुळ्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. (अग्निहोत्राच्या धुरानं तो जमिनीत उतरतो म्हणणारे भेटतात, त्यांनी एक गुंठा करून दाखवावा.) त्याला हायड्रोजन जोडला की अमोनिया होतो, अमोनियापासून युरिया, आणि हा हायड्रोजन काढतात नैसर्गिक वायूतून, मिथेनवर वाफ सोडून. म्हणजे गॅस नुसता जाळायला नाही, तो कच्चा मालच आहे.

आता खरी गंमत. नायट्रोजनला हायड्रोजन जोडायची क्रिया उष्णता बाहेर टाकते, म्हणून थंड ठेवलं की अमोनिया जास्त बनायला पाहिजे, पण थंड असताना क्रिया इतकी हळू की जन्म जाईल, आणि तापवलं की बनलेला अमोनिया परत फुटतो! मग हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दाब वाढवला, कारण चार रेणूंचे दोन होतात, दाबलं की गाडी कमी रेणूंच्या बाजूला सरकते. साधारण 450 अंश, 200 वातावरण दाब (मोटरसायकलच्या टायरच्या शंभरपट धरा), क्रियेचा वेग वाढवायला लोखंडाचा उत्प्रेरक, तरी एका फेरीत पंधरा टक्क्यांच्या आसपासच जमतं, उरलेला वायू परत आत. बॉश या इंजिनिअरनं 1913 ला जर्मनीत ओपाऊला याचा कारखाना काढला, आणि पुढच्याच वर्षी महायुद्धात ब्रिटिशांनी समुद्र अडवून चिलीहून येणारा सोरा (नायट्रोजनचं खनिज, खताला आणि दारूगोळ्याला लागणारं) बंद पाडला तेव्हा जर्मनी बऱ्याच अंशी यावर तगली.

तोच खेळ आता गॅसचा. भारत जवळपास निम्मा गॅस बाहेरून आणतो, त्यात कतार मोठा, आणि कतारच्या जहाजांना उणे 162 अंशाचा एलएनजी (थंड करून पातळ केलेला गॅस) घेऊन होर्मुझच्या 33 किलोमीटरच्या त्या चिंचोळ्या वाटेनंच यावं लागतं, दुसरा दरवाजा नाही. आपल्याला कळत नाही, कारण 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशालाच मिळतं, वरचा भार सरकार उचलतं.

म्हणजे मिळालं तर. माझा नंबर आला तेव्हा दुकानदार म्हणाला, दोन पोती देतो पण सोबत ही बाटली घ्यावी लागंल. काय आहे यात? "चांगलं असतंय."