वापरलेल्या विद्युत मोटारीच्या बॅटरीची पारख

विद्युत मोटारीची बॅटरी जुनी होते तशी तिच्यात मावणारी ऊर्जा घटत जाते. या घटीला बॅटरीचा ऱ्हास म्हणतात. नवेपणीच्या क्षमतेच्या तुलनेत आज उरलेली क्षमता टक्क्यांत मांडली की तिला ‘स्टेट ऑफ हेल्थ’ किंवा एसओएच म्हणतात. सेकंड हँड गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचाच असल्याने, खरेदीपूर्वी हा आकडा पारखून घेणे महत्त्वाचे ठरते.

लिथियम-आयन बॅटरी दोन वाटांनी झिजते. चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक फेरीत थोडी झीज होते आणि गाडी नुसती उभी असतानाही, ऋणाग्रावरील (बॅटरीच्या आतील ऋण टोकावरील) थर जाड होत जाऊन वापरात येणारे लिथियम अडकून पडते. उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था यांमुळे ही दुसरी झीज वेग घेते. त्यामुळे ‘रनिंग किती?’ हा पेट्रोल गाडीसाठी रास्त असलेला प्रश्न येथे अपुरा पडतो: कमी चाललेली, पण वर्षानुवर्षे उन्हात शंभर टक्के चार्जवर उभी राहिलेली गाडी भरपूर चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर २०१० मध्ये विक्रीस आलेली निसान लीफ. तिच्या २४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी ना पंखा होता ना द्रव. २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनासारख्या उष्ण भागातील मालकांच्या तक्रारी पुढे आल्या आणि नंतर कंपनीने क्षमतेसाठी ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांची हमी दिली. लीफच्या डॅशबोर्डवर क्षमता दाखवणारे १२ बार असतात, पण ते समान मापाचे नाहीत: पहिला बार सुमारे १५ टक्के घट झाल्यावर जातो, पुढचे साधारण सव्वासहा टक्क्यांना एक. अकरा बार पाहून ‘एकच तर गेलाय’ म्हणणारा ग्राहक म्हणूनच फसतो. शिवाय बॅटरीवर लक्ष ठेवणारी नियंत्रण प्रणाली रीसेट करून बाराही बार परत आणता येतात. काही काळ गाडी चालवली की ते पुन्हा गळतात.

डॅशबोर्डवरील उरलेल्या किलोमीटरचा आकडा अलीकडच्या चालवण्याच्या पद्धतीवर बेतलेला असतो, त्यामुळे तो क्षमतेचा पुरावा नव्हे. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तांत्रिक तपासणीसाठी दिलेल्या जोडणीला) जोडलेल्या उपकरणातून वाचलेले एसओएच अधिक उपयोगी, पण तोही नियंत्रण प्रणालीचा अंदाजच. लोह-फॉस्फेट या प्रकारच्या लिथियम-आयन बॅटरीत चार्ज बराच बदलला तरी व्होल्टेज जवळपास तेवढेच राहते, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज न केलेल्या गाडीत हा अंदाज भरकटतो. बॅटरीचा पॅक अनेक सेल जोडून बनतो, म्हणून आकड्याबरोबर सर्वांत कमजोर आणि सर्वांत सशक्त सेलमधील व्होल्टेजचा फरकही पाहावा. एखादा सेल मागे पडला की संपूर्ण पॅकची वापरण्याजोगी क्षमता त्याच्यापुरती मर्यादित होते.

सर्वांत भरवशाची रीत म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. ३०.२ युनिटांची (किलोवॅट-तासांची) बॅटरी घरच्या चार्जरवर २० ते १०० टक्के भरताना मीटरवर २४ युनिट पडली असे समजू. त्यातून चार्जिंगमध्ये वाया जाणारा अंदाजे दहावा हिस्सा वजा केला की २१.६ उरतात, ८० टक्क्यांना २१.६, म्हणजे पूर्ण बॅटरीला २७ युनिट, अर्थात एसओएच सुमारे ८९ टक्के. वाया जाणारा हिस्सा चार्जरनुसार बदलतो आणि कंपनी छापते ती क्षमता बहुधा वापरण्याजोग्या क्षमतेहून थोडी जास्त असते, तेव्हा दोन-चार टक्क्यांची चूक गृहीत धरावी.

२०२२ मध्ये संमत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक तांत्रिक नियम क्र. २२ नुसार मोटारीच्या बॅटरीत ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के ऊर्जा शिल्लक असावी. भारतात ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी रुळलेली आहे, मात्र काही कंपन्यांची ‘आजीवन’ हमी पहिल्या मालकापुरतीच असते. एमजी विंडसरसारखी गाडी बॅटरी भाड्याच्या योजनेतही विकली जाते. अशा गाडीच्या व्यवहारात बॅटरीचा करार कोणाच्या नावावर आहे आणि तो नव्या मालकाकडे कसा जाईल, हे कागदोपत्री तपासावे लागते.