कापाकापी नको, भूतच लाव: या आवडीमागची पार्श्वभूमी

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत शनिवारी रात्री हॉरर लावायचं ठरलं की रक्ताचे पाट वाहणारा पिक्चर सहसा कोणालाच नको असतो, भुताचाच हवा, आणि तोही साधा, कमी बजेटवाला. ही आवड जुनी आहे. १९४२ साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने व्हॅल ल्यूटन या निर्मात्याच्या हातात मोजकेच पैसे ठेवले आणि त्यातून 'कॅट पीपल' आला. बाई रात्री एकटी चालतेय, मागून टाचांचा टकटक आवाज येतोय, मग तो एकदम बंद होतो, ती वळून बघते तर कोणीच नाही, आणि तेवढ्यात फस्सकन एक बस समोर येऊन थांबते. झालं, एवढंच! पण ही ट्रिक आजपर्यंत सगळे वापरतायत.

आता स्वस्त तर कापाकापी पण होती. १९६३ चा 'ब्लड फीस्ट' अगदी चिल्लर पैशात बनलेला. पण रक्ताची नजरेला सवय होते, मग पुढच्या वेळी अजून जास्त दाखवावं लागतं, 'सॉ' आणि 'हॉस्टेल'च्या काळात (२००४-०५) ते टोकालाच गेलं. न दिसणाऱ्या गोष्टीची सवय होत नाही, माझ्या मते खरं कारण हेच.

१९९९ च्या 'ब्लेअर विच'मध्ये भूत शेवटपर्यंत दिसत नाही. ओरेन पेलीने तर २००६ मध्ये सॅन दिएगोच्या स्वतःच्याच घरात, साधारण १५ हजार डॉलरमध्ये 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' शूट केला. कॅमेरा बेडरूममध्ये एका जागी ठेवलेला, एक जोडपं झोपलंय, स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ पळतंय, आणि दार आपोआप जरासं हलतं. आपण पूर्ण वेळ त्या दाराकडेच बघत बसतो.

आपल्याकडे रामसे बंधूंनी १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून हवेल्या गाजवल्या, पण २००३ च्या 'भूत'ने भीती मुंबईच्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये आणली आणि गाणी पण काढून टाकली. ठाण्यात अर्ध्या रिकाम्या विंगमध्ये राहणाऱ्याला हे लगेच भिडतं, हवेली आपण कुठे बघितलीय! शिवाय नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या भयकथा वाचून वाढलेल्या मराठी माणसाला न दाखवता घाबरवणं नवीन नव्हतंच. म्हणूनच २०१७ चा 'लपाछपी' इतका जमलाय, उसाच्या शेतातलं एक घर, एक गरोदर बाई आणि मोजकी माणसं. पुढे २०२१ मध्ये त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियाने, तो हिंदीत 'छोरी' नावाने केला, पण आधी मराठीच बघा.